मधला थ्रेड

निरोप पोचवावा तर मीच! ही बढाई नाही, हा माझा धंदाच आहे. ऑफिसात मी लिफ्टसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि घरी सासरे आणि बायको यांच्या मध्ये उभा असतो. दोन्हीकडे काम एकच. याचं म्हणणं त्याला सांगायचं, त्याचं याला सांगायचं आणि कुणाचंही डोकं फुटू द्यायचं नाही!

आधी ऑफिसचं सांगतो, म्हणजे पुढचं रामायण कळेल. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी बरीच कामं चालू असतात. प्रत्येक कामाला एकेक कामगार नेमलाय असं समजा. त्या कामगाराला आम्ही थ्रेड म्हणतो. लिफ्टचा दरवाजा सांभाळायला एक, मोटरला एक, बटणांकडे लक्ष ठेवायला एक. आता यांनी एकमेकांच्या कामात हात घातला की सत्यानाश! मोटर चालू आणि दरवाजा उघडा! म्हणून कुणी कुणाच्या सामानाला शिवायचं नाही, नुसते निरोप पाठवायचे. 'दरवाजा बंद झाला.' 'बरं, मी निघते.' 'पोचले.' 'बरं, उघडतो.' निरोप रांगेत उभे राहतात, ज्याचे त्याने क्रमाने उचलायचे. किती सभ्य कारभार! माणसांनी शिकावा!

पण मी साधेपणावर थांबेन तर ना! मी या सगळ्यांच्या मध्ये माझा एक खास थ्रेड बसवला. कुणाचाही निरोप आला की आधी तो याच्याकडे. हा तो वाचणार, तोलणार, नको ते गाळणार आणि मग पुढे देणार. आमच्या साहेबीणबाई म्हणाल्या, "हा मधला कशाला घुसवलास? दोघांना सरळ बोलू दे की!"

मी नुसता हसलो. म्हटलं, "मॅडम, सरळ बोलू दिलं की काय होतं ते मी घरी बघितलंय."

घरी बघितलं होतं ते असं. माझे सासरे निवृत्त तारमास्तर. उभा जन्म तारा पाठवण्यात गेला. तिथे शब्द जपून वापरायचे, त्यामुळे नोकरी संपली तरी माणूस अजून तारेतच बोलतो. "चहा. गार. दुसरा." झालं! त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, बरोबर उलटी. ती एका वाक्यात शिरली की बाहेर येईपर्यंत ऐकणाऱ्याला भूक लागते.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा सासऱ्यांनी ते दुखणं बायकोपासून लपवलं. पोरीला घोर नको म्हणून. अगदी शेवटी फोन केला, तोही तारेतच. "आई गंभीर. ये." ती पोचेपर्यंत उशीर झाला होता. ते दुःख तिने गिळलं आणि बाबांना आमच्याकडे घेऊन आली. मग यंदा सासऱ्यांच्या स्वतःच्याच छातीत कळा यायला लागल्या आणि पठ्ठ्याने त्याही लपवल्या! बायकोला कळलं शेजारच्या आजींकडून. मग जो भडका उडाला!

"पुन्हा तेच, बाबा? पुन्हा तेच?" ती ओरडली.

"छाती माझी. मी बघीन," सासरे म्हणाले.

त्या क्षणापासून दोघांचा अबोला. मी पडलो मुळात भित्रा. घरात चढा आवाज मला सोसत नाही. म्हणून मी मध्ये उभा राहिलो आणि माझा खास कारभार सुरू झाला.

सासरे म्हणायचे, "तिला सांगा. भाजी खारट." मी आत जाऊन सांगायचो, "बाबा म्हणतात, आईच्या हातची आठवण झाली." बायको म्हणायची, "त्यांना सांगा, इतकं खारट लागत असेल तर स्वतः करून घ्या, नाहीतरी या घरात सगळं स्वतःचं स्वतः बघायचीच पद्धत आहे!" मी बाहेर येऊन सांगायचो, "ती म्हणते, उद्या मीठ कमी." घरात शांतता! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

एकदा मात्र सासरे खिडकीपाशी बसून बराच वेळ बाहेर बघत होते. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "तिला सांगा. भीती वाटते."

आता हे काय सांगायचं! ती आधीच काळजीने अर्धी झालेली. मी सांगितलं, "बाबा म्हणतात, मी ठणठणीत आहे, तू निर्धास्त राहा." तिने हातातलं भांडं आपटलं. आणि तिच्याकडून रोज एकच निरोप असायचा. "त्यांना विचारा, आज दुखलं का, कुठे दुखलं, मला का सांगत नाहीत, मी परकी आहे का, मला डोळ्याला डोळा लागत नाही." एवढं सगळं हृदयाच्या पेशंटला कसं सांगणार? मी सांगायचो, "ती म्हणते, आराम करा." सासरे मान हलवायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचे.

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की माझा सगळा डोलारा या अबोल्यावरच उभा आहे. उद्या हे दोघं सरळ एकमेकांशी बोलले आणि माझे निरोप ताडून बघितले तर? नुसत्या विचाराने माझी पाचावर धारण बसायची. लोक घरातला अबोला मिटावा म्हणून देवाला हात जोडतात. मी तो टिकावा म्हणून जोडत होतो!

तर त्या सकाळी सासऱ्यांना हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. छाती उघडावी लागेल की गोळ्यांवर भागेल, हे ते ठरवणार होते. वेळ फार मुश्किलीने मिळाली होती. ती हुकली की पुढची कधी, देव जाणे. जिना चढायचा नाही, दगदग करायची नाही, अशी सक्त ताकीद होती. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. पण काळजी कसली? लिफ्ट होती! आणि लिफ्टमध्ये नवाकोरा प्रोग्रॅम होता! माझा!

लिफ्टचा जुना मेंदू बंद पडला तेव्हा मीच छाती फुगवून पुढे झालो होतो. आमच्या इमारतीच्या अध्यक्षा म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात चिमटा घातला आणि विचारलं, "काही होणार नाही ना? माझे पेशंट असतात. म्हातारी माणसं असतात." तोंड उघडं असल्यामुळे मी फक्त "आ" म्हणालो. त्यांनी तो होकार समजला. तेव्हापासून माझी एक दाढ त्यांनी उघडून ठेवलेली आहे आणि मी त्यांना वचकून असतो.

"तुम्ही दोघं लिफ्टने या, मी पुढे होऊन टॅक्सी थांबवतो," असं म्हणून मी जिन्याने उतरलो. मी नेहमी जिन्यानेच जातो. तब्येतीला बरं असतं. नवा प्रोग्रॅम बसवल्यापासून तर मी तब्येतीची फारच काळजी घेतो!

टॅक्सी आली. लिफ्ट येईना. टॅक्सीवाला म्हणाला, "येतायत ना?" मी म्हटलं, "हे काय, आलेच." लिफ्टच्या दरवाज्यावरचा आकडा तीन दाखवत होता. मग दोन. मग तीन. मग दोन. मग तो नुसताच थरथरला आणि विझला.

तेवढ्यात वरून, लिफ्टच्या विहिरीतून, बायकोची हाक आली. "अहोऽऽ!"

मी जिना कसा चढलो ते मला ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा श्वास भात्यासारखा चालला होता. दरवाज्याला एक उभी काच आहे. तिच्यातून खाली बघितलं तर लिफ्ट दोन आणि तीनच्या मध्ये अडकलेली. फटीतून आतला उजेड दिसत होता. माणसं दिसत नव्हती.

"अगं, ठीक आहात का?" मी ओरडलो.

"जावईबापू," आतून सासऱ्यांचा आवाज आला. "तिला सांगा. चष्मा राहिला."

"काय?"

"चष्मा. घरी. म्हणून चार दाबला."

"त्यांना सांगा," लगेच बायको कडाडली, "चष्मा माझ्या पर्समध्ये आहे! निघतानाच घेतला! एका शब्दाने विचारलं असतं तर सांगितलं असतं! पण नाही! मी तळमजला दाबतेय तर हे चार दाबतायत, मी पुन्हा तळमजला दाबतेय तर हे पुन्हा चार!"

आता कळलं! इतकी छोटी पेटी, दोघांचे खांदे एकमेकांना लागलेले, पण बोलायचं नाही म्हणून दोघं बटणांनी भांडत होते! खाली, वर, खाली, वर! बिचारी लिफ्ट कुणाचं ऐकणार?

पण नुसत्या बटणांनी लिफ्ट अडकत नाही. मी पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप काढला, तिथेच जिन्यावर फतकल मारली आणि प्रोग्रॅममध्ये डोकावलो. बघतो तर काय! सगळे थ्रेड ठप्प! सगळ्यांच्या रांगा भरलेल्या! झालं होतं ते इतकंच. बटणांच्या निरोपांचा पाऊस पडला. मधल्या थ्रेडला एकही गाळता येईना, कारण प्रत्येक निरोप आधीच्याच्या उलटा. त्याने ते मोटरच्या रांगेत कोंबले. ती रांग भरली. आता तो पुढचा निरोप हातात धरून उभा, की मोटरने एक उचलावा मग मी हा ठेवतो. आणि मोटर आपला निरोप हातात धरून उभी, की मधल्याने हा घ्यावा मग मी पुढचा उचलते. दोघांच्याही हातात भरलेली ताटं आणि दोघंही म्हणतायत, आधी तुझं खाली ठेव! आमच्यात याला डेडलॉक म्हणतात. यात कुणी ओरडत नाही, कुणी तक्रार करत नाही. सगळे आपले वाट बघत राहतात. जन्मभर!

आणि अडकवलं होतं कुणी? मधल्याने! माझ्या लाडक्या, हुशार, निरोप तोलून देणाऱ्या मधल्याने!

"अहो! पंखा बंद पडला!" बायको ओरडली.

तोही मीच. लिफ्ट बराच वेळ हलली नाही तर पंखा बंद करायचा, वीज वाचवायची. या कल्पनेबद्दल मला ऑफिसात शाबासकी मिळाली होती!

एवढ्यात धाडधाड जिना चढत डॉक्टरीणबाई आल्या. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, एका हातात ते टोकदार आकड्यासारखं हत्यार. "माझा पेशंट खाली खोळंबलाय," त्या म्हणाल्या, "आत कोण आहे?"

"माझे सासरे. आणि बायको."

"ते हृदयवाले?"

मी मान हलवली. त्यांनी मास्क खाली केला. आत्तापर्यंत मी जे मनात येऊ देत नव्हतो ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावला. पलीकडून खडखडाट ऐकू येत होता. "साहेब, मी दुसऱ्या लिफ्टवर लटकलोय. यायला वेळ लागेल. तुम्ही असं करा, बंद करून चालू करा."

"अहो, चालू केलं की ती आधी सगळ्यात वर जाते! आपण कुठे आहोत ते शोधायला! झटका बसतो!"

"मग बसू दे की. ब्रेक मी तपासलाय, पडायची नाही. आतल्यांना खाली बसायला सांगा."

"आणि वर गेल्यावर थांबली नाही तर?"

"ते तुमच्या प्रोग्रॅमचं, साहेब. ते मला काय माहीत?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

इकडे आड, तिकडे विहीर! हात लावला नाही तर आत उकाडा, कोंडमारा आणि आजारी हृदय. लावला तर झटका, आणि तेच हृदय! आणि त्या दोहोंच्या मध्ये फक्त मी आणि माझी अक्कल, जिचा नमुना समोर लटकत होता!

"अहो!" बायकोचा आवाज आता वेगळाच होता. "त्यांना विचारा, घाम का आलाय. विचारा, दुखतंय का."

"तिला सांगा," सासरे म्हणाले. आवाज खोल गेला होता. "थोडं. डाव्या बाजूला."

आणि काय सांगू तुम्हाला, माणसाची सवय फार वाईट! माझ्या तोंडून गेलं, "अगं, बाबा म्हणतात, काही विशेष नाही! मजेत आहे!"



"मी यांच्या शेजारी उभी आहे," बायको हळू म्हणाली. "ते काय म्हणाले ते मला ऐकू आलंय."

धाबं दणाणणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आजवर एक आतल्या खोलीत असायचा, एक बाहेरच्या. आज दोघं एकाच पेटीत होते आणि मी त्यांच्या समोर उघडा पडत होतो.

"तुम्ही तिथे काय उभे राहिलात?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "चालू करा ती! माणूस आत घुसमटतोय!"

"वर जावं लागेल. मशीनच्या खोलीत. गच्चीवर."

"मग जा ना!"

"हो, पण," मी लिफ्टकडे बोट दाखवून कुजबुजलो, "मी गेलो तर मग यांचे निरोप कोण पोचवणार?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझी उघडी दाढ ठणकली. मी फटीजवळ तोंड नेलं. "ऐका! दोघं खाली बसा! झटका बसेल! एकमेकांना घट्ट धरून बसा!"

"तिला सांगा. धरायची गरज नाही."

"त्यांना सांगा, मलाही हौस नाही!"

"धरा म्हणते ना!" डॉक्टरीणबाई गरजल्या. "आणि दात आवळून ठेवा, आपटतील!"

मी धावलो. गच्चीचं दार ढकललं, मशीनच्या खोलीत शिरलो. खोली लहान, तेलाचा वास, मध्ये मोटर आणि चाकावरून खाली गेलेल्या जाड लोखंडी दोऱ्या. जमिनीत दोऱ्यांसाठी भोकं आहेत. मी लॅपटॉप जोडला आणि तेवढ्यात त्या भोकांतून खालची शांतता वर आली. शांतता, बरं का! आवाज नाही, हाक नाही, काही नाही. मी गुडघ्यांवर बसलो आणि भोकाला कान लावला. सासरे गेले, असं माझ्या मनाने घेतलं. मीच मारलं. एका मधल्या थ्रेडपायी मी एका माणसाला मारलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

आणि खालून आवाज आला.

"भीती वाटते," सासरे म्हणाले.

जावईबापू नाही. तिला सांगा नाही. सरळ.

"मलाही वाटते, बाबा," बायको म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "फार वाटते. मग सांगितलं का नाहीत इतके दिवस?"

"सांगितलं. जावयाकडे."

"कधी? मला तर हे म्हणाले, बाबा म्हणतात मी ठणठणीत आहे, तू निर्धास्त राहा!"

"नाही. भीती. एकच शब्द होता." थोडं थांबून ते म्हणाले, "तूही विचारलं नाहीस. एकदाही."

"मी? अहो बाबा, मी रोज विचारत होते! रोज! दुखतंय का, कुठे दुखतंय! मला झोप लागत नव्हती! त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"आराम करा."

"आराम करा?"

"रोज. आराम करा. वाटलं, तू कंटाळलीस."

मग बायको रडली. मोठ्याने, लहान पोरीसारखी. सासरे काहीतरी पुटपुटत होते, ते मला नीट ऐकू आलं नाही. त्यांना इतका वेळ सलग बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. सासूबाईंचं नाव त्यात एकदा आलं, 'चुकलं' हा शब्दही आला. माझ्याही डोळ्यांना धार लागली. खरंच सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटली. मी इतके दिवस भांडण थांबवत होतो असं मला वाटत होतं आणि थांबवलं होतं ते हे!

लाज वाटली, पण ती फार टिकली नाही. कारण तिच्या मागोमाग बायकोचा आवाज आला. रडणं थांबलं होतं.

"बाबा, भाजी आवडायची ना तुम्हाला? आईच्या हातची आठवण व्हायची?"

"खारट असायची."

"असं! आणि परवा मी म्हणाले होते की..."

मेलो! दोघं सुरुवातीपासून ताडून बघायला लागले होते! एकेक निरोप! माझं बोट बटणावर होतं. दाबलं की लिफ्ट थेट माझ्याकडेच वर येणार, त्या दोघांना घेऊन! मी खोटं सांगणार नाही. बोट थांबलं. माणूस शेवटी माणूसच आहे.

"ते वर आहेत का?" खालून बायकोने विचारलं.

"आहे," सासरे म्हणाले. "दोरीपाशी. श्वास ऐकू येतो."

मी पटकन तोंडावर हात ठेवला. त्याच वेळी सासऱ्यांना खोकला आला, दमल्यासारखा, छातीतून. माझी सगळी भीती एकदम जागा बदलून त्या खोकल्यापाशी गेली. मी मधला थ्रेड पुसून टाकला. पार मुळापासून! दरवाजा आणि मोटर यांची सरळ गाठ घालून दिली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मोटर घुमली. दोऱ्या ताणल्या. खाली धाडकन झटका बसल्याचा आवाज झाला आणि बायको किंचाळली. चाक फिरायला लागलं. दोऱ्या सरकत होत्या आणि मी चाकाकडे बघून नुसतं "थांब गं बाई, थांब गं बाई" म्हणत होतो. वरच्या मजल्याशी येताच चाक मंद झालं. मग थांबलं. अगदी अलगद, लोण्यातून सुरी जावी तसं! आजवर ती लिफ्ट इतकी छान कधी थांबली नव्हती.

मी जिना उतरून दरवाज्यापाशी पोचलो तेव्हा दरवाजा उघडत होता. दोघं जमिनीवर बसले होते. सासऱ्यांच्या नाकावर चष्मा होता. त्यांचा हात बायकोने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "बाबा! कसं वाटतंय?"

बाबांनी माझ्याकडे चष्म्यातून बघितलं. बायकोनेही बघितलं. जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

"बाबा," बायको म्हणाली, माझ्याकडे बोट न दाखवता, मान न वळवता, "यांना सांगा, बाजूला व्हा."

"जावईबापू," सासरे म्हणाले. "बाजूला."

मी बाजूला झालो. लिफ्टमध्ये पुन्हा पाय ठेवायला दोघंही तयार नव्हते. उतरायला हरकत नव्हती, म्हणून एकेक पायरी, तिच्या खांद्यावर हात ठेवून सासरे खाली गेले. पूर्ण जिनाभर ते दोघं बोलत होते. मी मागून तपासण्यांची फाईल घेऊन चाललो होतो. टॅक्सीवाला म्हणाला, "आले का?" मी म्हटलं, "आले. दोघं आले."

उशीर होऊनही डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं. छाती उघडायची वेळ आली नाही. हाताच्या शिरेतून एक नळी घालून काम झालं. सासऱ्यांना आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, "घाबरलात का?" सासरे म्हणाले, "हो. मुलीला सांगितलंय." आता ते ठणठणीत आहेत. हे खरंच ठणठणीत, मी पदरचं घातलेलं नाही!

ऑफिसात साहेबीणबाईंनी विचारलं, "मधला काढलास म्हणे?" मी म्हटलं, "काढला." त्या म्हणाल्या, "बघ, आता कसं सगळं सरळ चाललंय." मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. डॉक्टरीणबाईंनी माझी दाढ अजून बंद केलेली नाही. म्हणतात, वेळ मिळाला की बघू.

घरी बाप-लेकीचं गूळपीठ जमलंय. सकाळपासून बोलत असतात. अबोला फक्त एकच उरलाय, बायकोचा माझ्याशी. आणि निरोप आणायचं काम, तुम्ही ओळखलंच असेल, सासऱ्यांकडे आहे.

परवाचीच गोष्ट. बायको स्वयंपाकघरात बोलत होती. नळ चालू होता, त्यामुळे शब्द कळत नव्हते, पण आवाज चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. मध्येच एक भांडं आपटलं. मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो. खूप खूप वेळाने आवाज थांबला आणि सासरे बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला.

"जावईबापू. निरोप. दूध आणा."

"एवढंच?" मी विचारलं.

"सारांश," सासरे म्हणाले.

"मग बाकीचं काय होतं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्या नजरेत माया होती, असं मला अजूनही वाटतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भीती वाटेल," ते म्हणाले.

मी निमूटपणे पिशवी उचलली आणि दूध आणायला निघालो. जिन्यानेच!